ओसाड माळाखालचं क्रोमाइट

बाल्टिमोरच्या वायव्येला ओविंग्ज मिल्सची वस्ती मागे पडली, दोन्ही बाजूंना उंच झाडी लागली आणि डिअर पार्क रोडवर एके ठिकाणी रान एकदम मोकळं झालं. मेरीलँडमध्ये पाऊस भरपूर, जंगल माजलेलं. इथं मात्र वाळकं गवत, खुरटे ब्लॅकजॅक ओक आणि मधूनमधून वर आलेला हिरवट दगड. हे सोल्जर्स डिलाइट, सुमारे १९०० एकरांचं राखीव रान.

तो दगड सर्पेंटाइन. एका नाहीशा झालेल्या महासागराचा तळ सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वी खंडाच्या काठावर रेटला गेला, त्याचा हा अवशेष. खोलवरच्या खडकात पाणी मुरून सर्पेंटाइन तयार झाला. त्याच्या मातीत मॅग्नेशियम उदंड, कॅल्शियम जेमतेम, शिवाय निकेल. अशा जमिनीत पीक धरत नाही. पण याच खडकात क्रोमाइट हे क्रोमियमचं खनिजही असतं. आपल्याकडे कणकवलीजवळ जानवली-वागदे भागात ते सापडतं, तेही अशाच जातीच्या खडकात.

इथल्या क्रोमाइटची कहाणी बाल्टिमोरचे उद्योजक आयझॅक टायसन यांची. १८२७ मध्ये बाल्टिमोरच्या बेलएअर बाजारात सायडरचं पिंप गाडीत हलू नये म्हणून खाली लावलेले काळे, जड दगड त्यांनी पाहिले, असं सांगतात. दगड कुठून आणले याचा माग काढत ते हारफर्ड परगण्यातल्या एका शेतावर पोचले. तिथून पुढचं डोकं त्यांचं स्वतःचं: जिथं काही पिकत नाही तिथं हे खनिज मिळतं, हे त्यांनी ओळखलं. मग ओसाड माळ शोधत ते पेनसिल्व्हेनियापर्यंत गेले आणि खाणी ताब्यात घेत सुटले. पुढची वीसेक वर्षं जगातलं बहुतेक क्रोमाइट याच पट्ट्यातून जात होतं, पिवळ्या रंगासाठी आणि कापडाच्या रंगाईसाठी. भूगर्भाचे नकाशे हाताशी नसताना गवताझुडपांवरून खनिज ओळखणाऱ्या त्या नजरेचं मला फार अप्रूप वाटतं.

पायवाटेनं चोट खाणीपाशी आलो. उतारात तिरकं शिरलेलं तोंड, भोवती कुंपण. आतून गार हवा येत होती. बाजूच्या दगडात काळे दाणे दिसले, डांबरासारखी चमक असलेले. खाणीखेरीज इथल्या ओढ्यांतली काळी वाळू धुऊनही क्रोमाइट काढत.

१८४८ मध्ये तुर्कस्तानात मोठे साठे सापडले आणि इथली मक्तेदारी हळूहळू संपली. पहिल्या महायुद्धात चोट खाण थोडा काळ पुन्हा चालली, तेवढीच. टायसन यांनी १८४५ मध्ये बंदरावर उभारलेला कारखाना मात्र मालक बदलत १९८५ पर्यंत टिकला. त्यानं जमिनीत मुरवलेलं विषारी क्रोमियम जाड आवरणाखाली बंद करावं लागलं. आज त्यावर हार्बर पॉइंटच्या इमारती आहेत.

माळावर वेगळंच काम चालू आहे. पूर्वी मूळ रहिवासी शिकारीसाठी इथं वणवे लावत. ते थांबले, गुरांची चराई थांबली, आणि व्हर्जिनिया पाइन पसरला. आता तो तोडतात, ठरवून गवत जाळतात. पाइनच्या सुयांचा थर साचत गेला तर माती सुपीक होईल, आणि इतरत्र दुर्मीळ असलेल्या इथल्या गुलाबी जेरार्डिया या रानफुलाला जागाच उरणार नाही.