आमच्या व्हॅनचा वॉटर पंप

गाडीच्या इंजिनातला वॉटर पंप ही काय कुटुंबाच्या पानावर लिहिण्याची गोष्ट आहे, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या घराची चूल एका जुन्या व्हॅनच्या चार चाकांवर पेटते, त्या घरात माठातल्या पाण्याइतकीच काळजी इंजिनातल्या पाण्याची करावी लागते. आम्ही नवरा-बायको नागपुरात शाळेच्या मुलांची ने-आण करतो. एकाने गाडी चालवायची, दुसरीने लेकरांना हात धरून चढवायचे-उतरवायचे, दप्तरे मोजायची, कोणाचा डबा राहिला ते पाहायचे. गाडी मारुती ओम्नी, २०१४ सालची, दुसऱ्याच्या हातून आमच्याकडे आलेली. उन्हाळ्याचे दोन महिने शाळा बंद म्हणजे आमची कमाईही बंद, आणि बँकेचा हप्ता मात्र कधी सुट्टीवर जात नाही.

जून २०२३ च्या सुरुवातीला लक्षात आले की, रोज सकाळी रेडिएटरमध्ये तांब्याभर पाणी कमी भरते. खाली जमिनीवर डाग होता. इंजिन सुरू केले की बारीक किर्र आवाज यायचा आणि चढावर टेंपरेचरचा काटा वर सरकायचा. ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटच्या खाली असते हे बहुतेकांना ठाऊक आहेच. म्हणजे पाणी उकळले तर ते बसणाऱ्याच्या बुडाखालीच उकळणार. आमच्या सीटवर बसणारी लेकरे दुसऱ्यांची. त्यांच्या आईबापांनी ती विश्वासाने सोपवलेली. अशी गाडी रस्त्यावर काढायची नाही, एवढे आमचे पहिल्याच दिवशी ठरले.

एका गॅरेजात दाखवली. तिथल्या मिस्त्रीने सीट न उचलताच "हेड गेले" असे निदान केले आणि जो आकडा सांगितला तो ऐकून आम्ही पाणीसुद्धा न पिता उठलो. दुसऱ्या गॅरेजवाल्याने मात्र नीट पाहिले. पंप गेला आहे म्हणाला. सामानाचे पैसे फारसे नव्हते, मजुरीच त्याच्या कितीतरी पट होती. आम्ही विचारले, एवढी मजुरी कशाची? तो म्हणाला, "ताई, पंप बदलायला वेळ लागत नाही. पंपापर्यंत पोचायला लागतो." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. परंतु शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडणार, पालकांचे पैसे त्यानंतर येणार, आणि मजुरी आज हवी. हे गणित कसे जुळायचे?

आमच्या गल्लीत एक काकाजी राहतात. एसटीच्या हिंगण्याच्या कार्यशाळेत नोकरी करून ते निवृत्त झाले. त्यांनी गाडीखाली वाकून पाहिले, फॅन बेल्ट काढायला लावला आणि पंपाची पुली बोटांनी हलवून पाहिली. ती डुगडुगत होती. मग पंपाच्या अंगाला असलेल्या एका लहानशा छिद्रावर बॅटरी मारली. त्यातून थेंब गळत होते. "हे छिद्र मुद्दाम ठेवलेले असते," ते म्हणाले. "आतले सील गेले की पाणी बेअरिंगमध्ये न घुसता बाहेर यावे आणि मालकाला खबर मिळावी म्हणून. तुम्हाला खबर मिळाली आहे. आता ऐकायचे की नाही ते तुम्ही पाहा."

ज्या भगिनींनी बॉनेट कधी उघडले नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. इंजिनात पेट्रोल जळते, पण त्या उष्णतेचा थोडाच हिस्सा चाके फिरवण्याच्या कामी येतो. सुमारे तिसरा हिस्सा नुसता इंजिनाचे अंग तापवतो. तो बाहेर नेण्यासाठी इंजिनाभोवती पाणी खेळवतात, ते पाणी पुढे रेडिएटरमध्ये थंड होते आणि परत येते. हे फिरवण्याचे काम वॉटर पंपाचे. त्याच्या पोटात पात्यांचे एक चक्र, मागे दांडा, दांड्याला बेअरिंग, आणि पाणी व बेअरिंग यांच्यामध्ये एक सील. बस, एवढाच संसार. पण हा थांबला तर काही मिनिटांत इंजिन तापते, ॲल्युमिनियमचे हेड वाकते, आणि मग पहिल्या मिस्त्रीचे खोटे निदान खरे होते.

जुन्या अँबॅसिडरमध्ये, किंवा ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झालेल्या पद्मिनी टॅक्सीमध्ये, बॉनेट उचलले की पंख्याच्या मागे पंप समोर दिसायचा. ओम्नीत तसे नाही. कमी लांबीच्या गाडीत जास्त माणसे बसवायची म्हणून इंजिन सीटखाली गेले, आणि ७९६ सीसीच्या त्या तीन सिलिंडरच्या इंजिनात पंपाची बैठक टायमिंग बेल्टच्या कव्हरमागे आली. पंप फिरतो बाहेरच्या फॅन बेल्टवर, पण तो काढायचा तर टायमिंग बेल्ट उतरवावा लागतो. यात कोणाला दोष देण्यासारखे नाही. घर लहान असले की ट्रंक पलंगाखालीच जाते आणि मग एक साडी काढायला सगळा पलंग हलवावा लागतो. आपल्या घरांत हे कोणाला नवीन आहे?

काकाजी म्हणाले, "माझे गुडघे आता गाडीखाली जाऊ देत नाहीत. मी खुर्ची टाकून बसतो. हात तुमचे, डोके माझे." त्याच बोलीवर काम सुरू झाले.

नवा पंप, पॅकिंग, टायमिंग बेल्ट आणि फॅन बेल्ट आणले. टायमिंग बेल्ट अजून चालला असता, पण काकाजींनी ऐकले नाही. जिथे पोचायलाच एवढे श्रम, तिथली दुसरी जुनी वस्तू तशीच ठेवून परत यायचे आणि सहा महिन्यांनी पुन्हा तेच खोलायचे, हा कुठला शहाणपणा? दुकानात पंप घेताना दांडा हाताने फिरवून पाहिला. फिरताना खरखर नको आणि हलवल्यावर खेळ नको. स्वस्तातला एक पंप दुकानदार पुढे सरकवत होता, त्याच्या दांड्याने हातातच कुरकुर केली. तो तिथेच ठेवला.

गाडी थंड असताना बॅटरीची वायर काढली. चाकांना दगड लावले, जॅकने पुढची बाजू उचलून खाली घोड्या ठेवल्या. नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नका, मग कितीही घाई असो. रेडिएटरचे पाणी घमेल्यात सोडले तर ते तांबडे निघाले, वीटभट्टीच्या डबक्यासारखे. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षे बोअरचे पाणीच भरले असावे. आपल्याकडचे बोअरचे पाणी भांड्याला चुना धरते, ते इंजिनाला का सोडेल?

सीट उचलली, झाकण काढले. काकाजींनी पहिली युक्ती सांगितली ती अशी की, बेल्ट ताणलेला असतानाच पंपाच्या पुलीचे नट सैल करून घ्यावेत. बेल्ट पुलीला धरून ठेवतो. आधी बेल्ट काढला तर पुली नटासकट गरगर फिरत बसते. मग अल्टरनेटरचा बोल्ट सैल करून बेल्ट काढला, पुली काढली, क्रँकची पुली काढली, कव्हर काढले.

आमची मुलगी नववीत होती. तिने खोक्याचा पुठ्ठा घेतला, त्यावर इंजिनाचा तोंडवळा काढला, आणि जो बोल्ट जिथून निघेल तो पुठ्ठ्यावर त्याच जागी छिद्र पाडून खोचत गेली. एक बोल्ट लांब, एक आखूड. सगळे एका डब्यात टाकले असते तर परत बसवताना डोक्याला हात लावायची पाळी आली असती. काकाजी तिला म्हणाले, "बेटा, हिंगण्याला असतीस तर तुला स्टोअर दिले असते." ती म्हणाली, "स्टोअर कशाला काकाजी, मशीनवर द्या ना." काकाजी नुसते हसले.

टायमिंग बेल्ट उतरवण्याआधी वरच्या आणि खालच्या चक्रावरच्या खुणा जुळवून घ्याव्या लागतात. वरचे चक्र व्हॉल्व्ह उघडते-मिटते, खालचे पिस्टनच्या दांड्यांना जोडलेले असते. खालचे दोनदा फिरते तेव्हा वरचे एकदा. या दोघांची गाठ बेल्टच्या दात्यांनी बांधलेली असते. एक दात चुकला तरी इंजिन धडपणे चालत नाही, आणि कित्येक इंजिनांत तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. खुणा जुळल्यावर मुलीने त्यावर पांढरा रंग लावला. मग टेन्शनर सैल करून बेल्ट काढला. तेव्हापासून दोन्ही चक्रांना कोणी हातही लावायचा नाही, असा हुकूम सुटला.

आता पंप समोर होता. बोल्ट एकेक करून निघाले. शेवटचा, अगदी खालच्या कोपऱ्यातला, मात्र निघेना. तिथे गोटी पाना जातो पण रॅचेट फिरायला जागा नाही, आणि गाडी चालवणाऱ्याचा पंजा तर मनगटापाशीच अडकतो. जोर लावावा तर बोल्ट गंजलेला. मुंडी तुटली तर अर्धा तुकडा इंजिनाच्या अंगात राहणार, मग तो ड्रिलने काढायचा, त्यासाठी इंजिन उतरवायचे, आणि शाळा तर आठ दिवसांवर. त्या संध्याकाळी आम्ही जे गप्प झालो ते जेवणापर्यंत गप्पच होतो. काकाजींनी बोल्टच्या मुळाशी गंज सोडवणारे तेल सोडायला लावले आणि म्हणाले, "रात्रभर पिऊ द्या त्याला. तुम्हीही झोपा."

सकाळी त्यांनी दुसरी युक्ती सांगितली. बोल्टच्या मुंडीवर सळईने हलके ठोके द्यायचे, म्हणजे आट्यांतला गंज तुटतो. नंतर सोडायच्या आधी केसभर आवळायचा प्रयत्न करायचा. कारण ज्या दिशेने तो वर्षानुवर्षे रुसून बसला आहे त्याच दिशेने ओढत राहिले तर तो तुटतो. पण पाना धरणार कोण? आमच्या दोघांत बारीक हात बाईचा. बांगड्या काढून ठेवल्या, सीटच्या बाजूने उताणे पडून हात खाली घातला, बारा नंबरचा रिंग पाना बोटांच्या टोकांवर. डोळ्यांना काही दिसत नव्हते, सगळे स्पर्शावर चालले होते. केसभर आवळले. मग उलटे. पुन्हा आवळले. पुन्हा उलटे. आणि एकाएकी कट्ट असा आवाज झाला.

काकाजी खुर्चीतून उठून उभे राहिले. "तुटला का सुटला?"

कोणी श्वासही घेतला नाही. पाना पुन्हा लावला, फिरवला. बोल्टची मुंडी फिरली, आणि बोटाला आट्या लागल्या.

"सुटला, काकाजी."

अर्धा आटा, पुन्हा पाना काढून लावायचा, पुन्हा अर्धा आटा. असे करत तो बोल्ट निघायला पाऊण तास लागला असेल. निघालेला पंप घमेल्यात ठेवला तेव्हा त्याची पाती कडेने खाल्लेली होती आणि अंगावर चुन्याचा थर होता. दांडा तर म्हाताऱ्याच्या दातासारखा हलत होता.

पुढचे काम सावकाशीचे, पण अवघड नाही. इंजिनाच्या भोकांत फडके कोंबून जुने पॅकिंग पात्याने खरवडले. हे नीट झाले नाही तर नवा पंपही गळणार. नवे पॅकिंग, नवा पंप, बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत. नवा टायमिंग बेल्ट चढवून टेन्शनर बसवला, आणि पान्याने क्रँक दोन पूर्ण फेरे हातानेच फिरवला. मुलगी बॅटरी धरून ओरडली, "वरची जुळली... खालची पण जुळली!" मग पुठ्ठ्यावरचे बोल्ट एकेक करून आपापल्या घरी गेले. फॅन बेल्ट अंगठ्याने दाबल्यावर अर्ध्या पेराएवढा दबावा इतपत ताणला.

पाणी मात्र आता बोअरचे नाही. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे. हे कूलंट चवीला गोड असते आणि विषारी असते, म्हणून कॅन लेकरांच्या आणि गल्लीतल्या कुत्र्यांच्या तावडीत सापडू देऊ नये. झाकण उघडे ठेवून सावकाश भरले, म्हणजे आत हवा अडकत नाही. इंजिन सुरू केले. थोड्या वेळाने थर्मोस्टॅट उघडला, वरचा होज पाईप गरम झाला, रेडिएटरमधली पातळी एकदम खाली गेली, तेवढे पुन्हा भरून झाकण लावले. एकदा इंजिन तापल्यावर मात्र ते झाकण उघडायचे नाही, आतले पाणी दाबाखाली असते आणि तोंडावर उडते. पंखा आपोआप लागला, आपोआप थांबला. काटा मधल्या घराच्या खालीच राहिला.

रिकामी गाडी कामठीपर्यंत नेऊन आणली. रात्रभर खाली कोरडा पुठ्ठा ठेवला. सकाळी त्यावर एक थेंब नव्हता. काकाजींना मजुरी देऊ केली तर रागावले, पण जेवायला आले आणि भाकरी मागून घेतली.

शाळा उघडली त्या दिवशी सगळी मुले वेळेवर पोचली. पहिल्या आठवड्यात आम्ही रोज सकाळी सीट उचलून पाहत होतो, आता रविवारी पाहतो. मुलीने दहावीनंतर आयटीआयला मोटार मेकॅनिकचा अर्ज भरायचा म्हणून धरून बसली आहे. तिच्या आजीचा विरोध आहे, आमचा नाही. तूर्तास गाडीचा सायलेन्सर वाजू लागला आहे. तो बाहेरूनच दिसतो, एवढे एक बरे आहे.