अंगाईतील बर्गी

आमच्या सावनेरास कोळशाच्या खाणींमुळें परप्रांतीयांची वस्ती बरीच आहे. शेजारच्या बंगाली बाई मुलास निजवितांना एक गाणें म्हणत. त्यांतील ‘बर्गी’ हा शब्द आईच्या कानीं वारंवार पडे. एके दिवशीं तिनें अर्थ विचारला. बाई संकोचल्या. “काकू, पूर्वीं आमच्याकडे लुटारू येत, त्यांचें नांव तें,” एवढेंच म्हणाल्या. ते कोठून येत, हें त्यांनीं सांगितलें नाहीं.

मला तें ठाऊक होतें. बर्गी म्हणजे आपला बारगीर, सरकारी घोड्यावर चाकरी करणारा स्वार. आणि तो येई नागपुराहून!

परदेशचा इतिहास वाचतांना पक्ष घेणें किती सोपें असतें! 1263 सालीं स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर लार्ग्ज येथें नॉर्वेच्या राजाचीं गलबतें वादळांत सांपडलीं, आणि तिसऱ्या अलेक्झांडरचे लोक त्यांवर तुटून पडले. ती हकीकत वाचतांना मी निःशंकपणें स्कॉटांच्या बाजूस होतों. परंतु काटव्याच्या लढाईंत मीं कोणाच्या बाजूस असावें?

1742 सालीं पहिल्या रघुजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर बंगाल्यांत शिरले. शरदांत काटव्याजवळ त्यांनीं दुर्गापूजा मांडली असतां नवाब अलिवर्दीखानानें नदी ओलांडून छापा घातला. पूजा अर्धी टाकून त्यांना निघावें लागलें. 1744 मध्यें ते पुन्हां गेले, तेव्हां तहाच्या बोलण्यास बोलावून नवाबानें त्यांना सरदारांसह मारविलें. हा दगा मला लहानपणापासून पाठ आहे. मात्र गंगाराम नांवाच्या बंगाली कवीच्या ‘महाराष्ट्र पुराणां’त पोथ्यांचें ओझें घेऊन पळणारे पंडित आणि तराजू उचलून धांवणारे सोनार आहेत, हें मला फार उशिरां कळलें. शेवटीं 1751 च्या तहानें नवाबानें सालीना बारा लाख रुपये चौथाई कबूल केली. आमच्या पुस्तकांत हा विजय म्हणून नोंदलेला असतो, तो आहेही.

पुढें पाळी आमच्यावर आली. 1811 सालीं पेंढाऱ्यांनीं नागपूरचें एक उपनगर जाळलें. आमच्या मुलुखांत गांवोगांवीं गढ्या उठल्या त्या त्यांच्याच धास्तीनें.

हें सारें मीं आईला सांगितलें. तिनें कांहीं उत्तर दिलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं मात्र ती शेजारीं जाऊन म्हणाली, “बाई, ते लोक आमच्याच इकडचे हो!”

“ठाऊक आहे, काकू,” असें म्हणून बाईंनीं किरकिरणारें मूल तिच्या मांडीवर दिलें, आणि त्या चहाचें आधण ठेवावयास आंत गेल्या.