हांगचौची पांढरी नागीण

मुलीनं चीनच्या अभ्याससहलीत नाव दिलंय म्हटलं, की आपल्या पोटात गोळाच येतो. खाईल काय, बोलेल कुणाशी! पण मराठी मुलांनी चीनला शिकायला जाणं काही आजचं नाही. वसंत परांजपे १९४७ साली पेकिंग विद्यापीठात शिकायला गेले आणि १९५४ साली नेहरू माओंना भेटले तेव्हा दुभाषाचं काम त्यांनीच केलं. तेव्हा मैत्रिणींनो, मुलीला अडवू नका. आणि सहलीत हांगचौ असेल तर तिला सांगा, सरोवर बघून झालं की लेफंगच्या मनोऱ्याशी जरा जास्त वेळ थांब.

मी २०१९ च्या एप्रिलमध्ये पुण्यातल्या एका कॉलेजच्या मुलींबरोबर शिक्षिका म्हणून गेले होते. शांघायहून वेगवान गाडीनं तासाभरात हांगचौ. बाराव्या-तेराव्या शतकात ही चीनची राजधानी होती. गावाला लागूनच पश्चिम सरोवर, तिन्ही बाजूंना निळसर डोंगर, काठावर पाण्याला टेकलेले विलो. सरोवरातून जाणारा लांबलचक बांध सू तुंगपो या कवीनं घातला. अकराव्या शतकाच्या शेवटी तो इथं अधिकारी होता. सरोवर गाळानं भरलेलं, म्हणून गाळ उपसला, आणि तो टाकायचा कुठं म्हणून त्याचाच बांध केला. टाकाऊतून टिकाऊ, आपल्या सदरात शोभावं असं!

याच कवीच्या नावाचा डुकराच्या मांसाचा पदार्थ इथं प्रसिद्ध. शाकाहारी मुलीजवळ चिनी अक्षरांत लिहिलेली चिठ्ठी हवीच. लिंगयिन या बौद्ध मंदिराच्या परिसरात मात्र शाकाहारी शेवया सुखानं मिळतात. हे मंदिर चौथ्या शतकात हुइली नावाच्या भारतीय भिक्षूनं स्थापलं असं सांगतात. समोरचा डोंगर बघून तो म्हणाला, "हे तर आमच्याकडचं शिखर, इकडे कधी उडून आलं?" तेव्हापासून त्याचं नावच 'उडत आलेलं शिखर'. खडकात कोरलेल्या बुद्धमूर्ती पाहून आमच्या मुलींना कार्ल्याची आठवण झाली. इथला लुंगचिंग चहा तापल्या कढईत हातानं दाबून वाळवतात. पेल्यात पानं टाकायची, वर गरम पाणी. ना दूध, ना साखर. मला नाही आवडला.

आता मनोरा. एक पांढरी नागीण हजार वर्षांच्या तपानं बाई झाली. सरोवराच्या 'तुटक्या पुला'वर पावसात तिला एका तरुणानं छत्री दिली. लग्न झालं, दोघांनी औषधांचं दुकान थाटलं, दृष्ट लागावी असा संसार. मग फाहाइ नावाचा भिक्षू नवऱ्याच्या कानी लागला: तुझी बायको माणूस नव्हे. पाचव्या महिन्याच्या पंचमीला (हो, पंचमीलाच!) मनशीळ घातलेली दारू तिच्या पोटात गेली आणि तिचं खरं रूप उघडं पडलं. नवरा भीतीनं गतप्राण झाला. तिनं डोंगरावरून औषधी आणून त्याला उठवलं. तरी तो पुन्हा भिक्षूच्या मठात गेलाच. पोटुशी असताना ती त्याच्यासाठी लढली. बाळंत झाल्यावर भिक्षूनं तिला या मनोऱ्याखाली कोंडलं.

मुलींत जुंपलीच. एक म्हणाली, "बाई, तिनं आधी सांगायला हवं होतं. फसवलंच ना?" दुसरी उसळली, "सांगितलं असतं तर त्यानं छत्री तरी दिली असती का?" मी काही बोलले नाही, पण माझं मत नवऱ्याविरुद्ध. जिनं मेल्यावर उठवलं तिच्यापेक्षा परक्याचा शब्द त्याला खरा वाटला! असे कान भरणारे आणि भरून घेणारे आपण का पाहिले नाहीत?

लू शुन हा थोर चिनी लेखक लहानपणी आजीकडून ही गोष्ट ऐकून एकच इच्छा धरून होता, की हा मनोरा पडावा. आणि तो पडला खरंच, १९२४ च्या सप्टेंबरात. वीट घरात ठेवली की घराचं भलं होतं, या समजुतीनं लोक कित्येक वर्षं विटा उपटून नेत होते. त्यावर लू शुननं लेख लिहिला. त्यात लोककथेतल्या भिक्षूची गतही आहे: शिक्षा चुकवायला तो खेकड्याच्या कवचात शिरला, तो अजून तिथंच. नागिणीच्या सुटकेच्या कथा मात्र वेगवेगळ्या. एकीत मुलगा परीक्षेत देशात पहिला येऊन आईला सोडवतो. ही आपल्या पुणेरी आयांना पसंत पडावी! दुसरीत तिची सखी, हिरवी नागीण, मनोराच फोडते. आमच्या मुलींनी एकमतानं सखीची निवडली.

नवा मनोरा २००२ साली उभा राहिला, सरकत्या जिन्यासकट. तळाशी काचेआड जुन्या विटांचा ढीग जपलेला आहे. मुली वर सरोवराचे फोटो काढायला पळाल्या. मी खाली विटांपाशी उभी होते. शेजारी एक चिनी आजी नातीला बोटानं ढीग दाखवून काहीतरी सांगत होती. शब्द एक कळला नाही, पण गोष्ट कोणती चालली होती ते कळलं.