फांदीला फांदी

भीमाशंकरच्या रानात शहाणी माणसं पायाखाली बघून चालतात. मी शेंडे बघत चालतो आणि ठेचा खातो. त्याला इलाज नाही, कारण शेकरू वर असतं.

ते दिसण्याआधी ऐकू येतं. पानांत कोरडा खडखडाट होतो आणि अर्धं कुरतडलेलं उंबर पुढ्यात टपकन पडतं. वर पाहावं, तर मागच्या पायांनी फांदी धरून स्वारी उलटी लोंबतेय. पुढच्या पंजांत फळ गरागरा फिरवत दातांनी सोलतेय. पाठ तांबूस तपकिरी, पोट दुधट, आणि तोल सांभाळणारी झुपकेदार शेपटी अंगाइतकीच लांब. आपल्याकडे एकदा पाहून घेतलं, की पुन्हा खाणं सुरू.

जमिनीशी त्याचं फारसं देणंघेणं नाही. जेवण, झोप, पिल्लं, सगळं झाडावरच. वीसेक फुटांची झेप घेईल, पण खाली उतरायला नाखूश. इथलं अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं, क्षेत्र साधारण १३० चौरस किलोमीटर. कागदावरची ती हद्द जमिनीवरून आखलेली आहे. शेकरूची हद्द वरून जाते: फांदीला फांदी लागते तिथवर त्याचं रान. मध्ये रस्ता रुंदावला, चार झाडं गेली, तरी नकाशा जसाच्या तसा राहतो. शेकरूच्या लेखी मात्र रानाचे दोन तुकडे झालेले असतात.

वरची ही वाट अजून बरीचशी शाबूत आहे, त्याला कायद्याहून जुनी कारणंही आहेत. आहुप्यासारख्या गावांच्या देवरायांत कुऱ्हाड चालवायला माणूस आजही कचरतो, देवाचा धाक. हिरड्याचं झाड उभं राहतं ते वेगळ्या हिशेबानं. बाळहिरडा वाळवून विकला, की महादेव कोळ्यांच्या घरात चार पैसे येतात. धाक आणि पैसा या जोडीवर माझा फलकांपेक्षा जास्त भरवसा आहे.

घरट्यांचा कारभार तर औरच. बारीक फांद्यांच्या टोकाशी, जिथे जड शिकाऱ्याचं वजन पेलणार नाही, तिथे काटक्या-पानांचा गोल गुंडा. एकावर भागत नाही. एकच शेकरू अनेक बांधतं, काही वापरतं, काही तशीच सोडतं. वनखात्याच्या गणनेत ही घरटीही मोजतात. त्यातलं कुठलं वसतं नि कुठलं ओसाड, हे खालून ठरवताना मोजणाऱ्यांच्या माना किती अवघडत असतील, याची मला पूर्ण कल्पना आहे.