माळ्यावरचे लाल दिवे

‘गॉन होम’ची जाहिरात वाचून हा भुताचा गेम नाही असं ओळखणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. ७ जून १९९५, रात्रीचा सव्वा वाजलेला. वर्षभर परदेशात राहून केटी ग्रीनब्रायर ऑरेगनमधल्या घरी परतते, तर घर रिकामं. बाहेर वादळ चालू. सगळे गेले कुठे? इथे घडलं काय? एवढाच मजकूर, आणि सोबत काळोखात उभ्या असलेल्या एका मोठ्या घराचं चित्र. लढाई नाही, कोडी नाहीत, हे कंपनीने स्वच्छ लिहिलं होतं. भुताबद्दल मात्र ना होकार होता ना नकार.

मला भयकथांची लहानपणापासून ओढ, त्यामुळे मी तो घेतला तो घाबरायलाच. खोलीतला दिवा मालवून, हेडफोन लावून बसले. पहिल्या अर्ध्या तासात माझी अपेक्षा पुरेपूर भागली. दारावर धाकट्या बहिणीची, सॅमची चिठ्ठी: मी कुठे आहे ते शोधू नकोस. आन्सरिंग मशीनवर कुणीतरी मुलगी हुंदके देत सॅमला हाका मारतेय. पायाखालची लाकडी जमीन करकरते, लांब कुठेतरी वीज कडाडते. वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरात शिरले आणि बाथटबमध्ये लालभडक डाग दिसले. मी माऊसवरचा हात काढून घेतला. मग जवळ जाऊन पाहिलं, तर शेजारी केस रंगवायच्या लाल रंगाची बाटली. सॅमचा आवाज सुरू झाला. तिने लॉनी नावाच्या मैत्रिणीचे केस रंगवून दिले होते, आणि ते करताना तिला काय वाटलं ते ती ताईला सांगत होती.

त्या बाटलीपाशी मला पहिल्यांदा शंका आली की आपल्याला सांगितलं एक आणि दाखवताहेत दुसरंच.

इथून पुढे सगळं रहस्य फुटणार आहे. ज्यांना आधी खेळायचं आहे त्यांनी इथेच थांबावं.

त्या घरात भूत नाही. आईवडील आपलं विस्कटलेलं लग्न सावरायला समुपदेशनाच्या शिबिराला गेलेत. सॅम आणि लॉनी एकमेकींच्या प्रेमात पडल्या आहेत. लॉनीला सैन्यात जायचंय, आणि १९९५च्या अमेरिकन सैन्यात समलिंगी माणसाने तोंड मिटून राहणं ही नोकरीची अट होती. घरी सांगितलं तर आईवडील ऐकूनच घेत नाहीत. हे तुझं तात्पुरतं खूळ आहे, एवढंच म्हणतात. शेवटी लॉनी प्रशिक्षणाला निघते, वाटेत बसमधून उतरते, सॅमला फोन करते आणि सॅम गाडी काढून तिच्याकडे निघून जाते. दोन-तीन तासांचा गेम, संपला.

२०१३च्या ऑगस्टमध्ये तो आला तेव्हा समीक्षकांनी डोक्यावर घेतला. पुढच्या वर्षी पदार्पणातल्या गेमसाठीचा बाफ्टा पुरस्कारही मिळाला. खेळाडूंपैकी बऱ्याच जणांनी मात्र तो ठोकून काढला. वीस डॉलर घेऊन भुताचं घर दाखवता आणि आत एका पोरीची प्रेमकहाणी? त्यातल्या काहींचा राग त्या प्रेमावरच होता, त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण बाकीच्यांची तक्रार मला पटते. घाबरायला आलेल्या माणसाने घाबरणं मागितलं तर तो वेडगळपणा नव्हे.

गेम बनवणाऱ्यांना भीती कशी रचतात ते नीट ठाऊक होतं. पोर्टलंडच्या ‘फुलब्राइट’ची ही मंडळी आधी ‘बायोशॉक २’ या गेमच्या ‘मिनर्व्हाज डेन’ या जोडभागावर काम केलेली. ओसाड जागा, मागे राहिलेल्या वस्तू, ध्वनिमुद्रित रोजनिशी, यांवरून गोष्ट जुळवत नेण्याचा हात त्यांचा तिथेच बसलेला. त्यामुळे ‘गॉन होम’मधली भीती अपघाताने आलेली नाही, ती जाणूनबुजून पेरलेली आहे. जिन्याजवळच्या चोरवाटेत एक क्रूस पडलेला असतो. तो उचलला की नेमका तेव्हाच डोक्यावरचा बल्ब फटकन जातो. मी अक्षरशः किंचाळले होते.

आणि तरी ही सगळी फसवाफसवी म्हणायची माझी तयारी नाही. घर केटीलाही परकंच आहे. ती परदेशात असताना कुटुंब तिथे राहायला आलं. ते तिच्या वडिलांच्या मामाचं, ऑस्करचं. शाळेतली मुलं त्याला वेड्याचं घर म्हणतात. सॅम आणि लॉनी या मेलेल्या ऑस्करचं भूत बोलवायला मेणबत्त्या लावून बसतात, त्याचा पसाराही सापडतो. पण खरी गोष्ट तळघरात आहे. तिथल्या तिजोरीत ऑस्करने आपल्या बहिणीला, म्हणजे केटीच्या आजीला, लिहिलेलं माफीचं पत्र आहे, न स्वीकारता परत आलेलं. केटीचे वडील टेरी कादंबऱ्या लिहितात. त्यांचा नायक काळात मागे जाऊन १९६३ साली केनेडींचा खून टाळायला धडपडतो. पुस्तकं चालत नाहीत, पण ते पुन्हापुन्हा १९६३च गाठतात. त्याच वर्षी ऑस्करने लहानग्या टेरीशी काहीतरी अघोरी केलं असावं, हे गेम एका शब्दाने उघड बोलत नाही. पत्र, वर्ष, कादंबऱ्या, हे शेजारी ठेवले की आपलं आपल्याला कळतं. मला ते कळलं तेव्हा मी हेडफोन काढून थोडा वेळ नुसती बसून राहिले. मुलीचं ऐकून घेता न येणारा हा बाप स्वतः कुणाला काही सांगू शकला नव्हता. पछाडलेलं घर म्हणायचं तर हेच. एवढ्यापुरती जाहिरात खरी होती.

मी हा गेम खेळले तो २०१३चा हिवाळा होता. ११ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ पुन्हा पूर्ववत केलं होतं. ते संबंध गुन्ह्यातून सुटायला पुढे सप्टेंबर २०१८ उजाडावं लागलं. ऑरेगनमधल्या काल्पनिक मुलीने वहीत लपवलेली गोष्ट त्या दिवसांत मला फार लांबची वाटली नाही.

म्हणून तो मावसबहिणीने खेळावा असं मला मनापासून वाटत होतं. तिला भयपट बिलकूल सोसत नाहीत. पोस्टर दिसलं तरी ती मान फिरवते. चित्र पाहूनच म्हणाली, “ताई, हे मला नको. रात्री झोप लागणार नाही.”

अशा जाहिरातीची खरी किंमत कोण मोजतं हे मला तेव्हा कळलं. भुतासाठी येऊन चिडलेले खेळाडू निदान आत तरी आले. त्यातले काही चिडता चिडता सॅमचं ऐकूनही गेले असतील. पण जिच्यासाठी ही गोष्ट जणू लिहिली आहे ती दारातूनच परत जाते, आणि तिची तक्रार कुठेच नोंदली जात नाही, कारण आपलं काय हुकलं हे तिला कळतच नाही.

मी तिला सरळ सांगितलं, “यात भूत नाही. कुणी अंगावर येत नाही. बाकी काही विचारू नकोस.” त्यावर ती बसली. पण मला वाटत होतं, भूत नाही हे ठाऊक झाल्यावर गेममधला ताण निम्मा उतरणार.

तसं झालं नाही. ती आत शिरताच एकेक दिवा लावत सुटली, एकही न मालवता. पुढे वडिलांची चिठ्ठी सापडली. सॅम, घरभर दिवे चालू ठेवू नकोस, तूही बहिणीसारखीच. हे वाचून तिला हसू आलं, कारण ती बहीण म्हणजे केटी, म्हणजे या क्षणी तीच. बाथटबपाशी ती दचकली नाही. ड्रॉवर, कॅसेटी, हाताने छापलेली पत्रकं, सगळं निवांत पाहत गेली. मला जे पुरावे वाटले होते त्या तिला सॅमच्या वस्तू वाटत होत्या. लॉनी जाणार हे कळल्यावर मात्र ती गप्प झाली.

माळ्याची वाट शेवटी उघडते. वर सॅमची फोटो धुवायची अंधारखोली, आणि झडपेभोवती लाल दिव्यांची माळ. मी तिथे पोचले होते तेव्हा वर काय दिसेल याची भीती होती, पण त्या भीतीत ऑस्करही मिसळलेला होता. तिच्या मनात ऑस्कर नव्हताच. ती शिडीखाली थांबली आणि म्हणाली, “ताई, हिने जिवाचं काही बरंवाईट तर करून घेतलं नसेल ना? तेवढं सांग, मग वर जाते.” मी सांगितलं नाही. ती कितीतरी वेळ तिथेच उभी होती. भुताची हमी नसताना ती माझ्यापेक्षा जास्त घाबरली होती, आणि तिची भीती सगळीच्या सगळी सॅमसाठी होती. वर वही सापडली, सॅम सुखरूप निघून गेल्याचं कळलं, तेव्हा तिला रडू आवरेना.

त्याआधी मी भुताच्या बुरख्याची बाजू घेत असे. बुरखा नसता तर तो शेवटचा ठोका बसला नसता, असं माझं म्हणणं. आता ते टिकत नाही. रिकामं घर, मध्यरात्र, बेपत्ता बहीण आणि तिचं ऐकून न घेणारे आईबाप, एवढ्यावर भीती भागते. शेवट लपवणं हा लेखकाचा हक्क आहे, पण गोष्ट कोणत्या जातीची आहे हे लपवायचं कारण नाही.

२०१६च्या ‘फायरवॉच’ या गेमने मला हेच उलट्या बाजूने दाखवलं. १९८९चा उन्हाळा, वायोमिंगचं जंगल, वणव्यावर नजर ठेवणारा हेन्री आणि वॉकीटॉकीवरची डिलाईला. कुणीतरी आपलं बोलणं चोरून ऐकतंय ही धास्ती तिथे जाहिरातीपुरती राहत नाही. कथाच तासन् तास ती पोसते, आणि शेवटी उरतो मुलाच्या मृत्यूनंतर जंगलात लपून राहिलेला एक बाप. अनेकांची निराशा झाली, माझी नाही. हेन्रीची बायको ऐन वयात स्मृतिभ्रंशाने हरवत चालली आहे. तिचा विचार करण्यापेक्षा कटकारस्थानाचा विचार करणं त्याला सोपं आहे. तिथली भूल हेन्रीची स्वतःची आहे, विक्रेत्याने त्याच्या गळ्यात बांधलेली नाही.

मावसबहीण हल्ली ‘गॉन होम’ इतरांना देते तेव्हा दोन वाक्यांत ओळख करून देते: एक मुलगी रात्री घरी येते आणि तिची धाकटी बहीण घरात नसते. भुताचं नावही काढत नाही.