नव्व्याण्णव
आयुष्यभर चुलीचा धूर छातीत घेतलेल्या त्या आजींना धाप लागलेली असताना दवाखान्यात आणलं, तेव्हा ऑक्सिमीटर ७८ दाखवत होता. मी मास्क लावला आणि फ्लो दहा लिटरवर नेला. थोड्याच वेळात आकडा ९९ वर गेला. रात्री मुलगा म्हणाला, ‘डॉक्टरसाहेब, लई दिवसांनी आईला झोप लागली.’ मलाही बरं वाटलं. त्यांना हाक न मारता मी पुढच्या खाटेकडे वळलो.

पहाटे सिस्टरने उठवलं. आजींचे हात गरम होते, नाडी उसळत होती, हलवलं तरी त्या डोळे उघडत नव्हत्या. झोप कसली, रक्तात साठलेल्या कार्बन डायऑक्साइडची गुंगी होती ती. शहरात नेलं, पण त्या वाचल्या नाहीत.

कार्बन डायऑक्साइड जरा वाढला की मेंदूला आम्लता जाणवते आणि श्वास वाढतो. आजींना होता तशा सीओपीडीत, म्हणजे श्वासनलिका अरुंद करणाऱ्या फुप्फुसाच्या जुनाट आजारात, तो वर्षानुवर्षं साठत राहिला, तर मूत्रपिंडं बायकार्बोनेट राखून आम्लता सावरतात आणि मेंदूची ही जाण बोथट होते. मग मानेतल्या कॅरॉटिड बॉडीकडून येणाऱ्या ‘ऑक्सिजन कमी आहे’ या वर्दीवर भिस्त वाढते. जादा ऑक्सिजन दिला की ती वर्दी मंदावते आणि श्वासही.

यातून मी ‘ऑक्सिजन दिला की श्वास थांबतो’ एवढंच उचललं आणि दुसरी चूक केली. पुढच्या आजोबांना भीतीपोटी जेमतेम ऑक्सिजन दिला. ओठ निळे दिसत असूनही मी तो वाढवला नाही. त्यांच्या हृदयाचे ठोके बिघडले. ते वाचले, पण माझ्या भीतीची किंमत त्यांनी मोजली.

खरं तर ऑक्सिजनने कार्बन डायऑक्साइड वाढतो, त्यात श्वास मंदावणं हा फक्त एक भाग. हवा न पोचणाऱ्या भागातल्या रक्तवाहिन्या फुप्फुस आवळून धरतं. जादा ऑक्सिजनने त्या सैल होतात, रक्त तिकडे वाया जातं आणि कार्बन डायऑक्साइड आतच राहतो. शिवाय ऑक्सिजनने भरलेलं हिमोग्लोबिन कार्बन डायऑक्साइड कमी वाहतं. टास्मानियात रुग्णवाहिकेतच ऑक्सिजन मोजून, ऑक्सिमीटरचा आकडा ८८ ते ९२ राखून दिला, तेव्हा सीओपीडीच्या रुग्णांमधले मृत्यू खूप कमी झाले. तो अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. आजी त्याच्या कितीतरी आधी गेल्या होत्या; पण मोजून ऑक्सिजन देणारा व्हेंचुरी मास्क १९६० पासून होता, आणि मी तो कधी मागवलाच नव्हता.

आता केसपेपरवर ‘८८–९२’ लाल शाईने लिहितो. झोप लागली तर मला उठवा, असं नातेवाइकांना बजावतो. गुंगी दिसली तरी ऑक्सिजन एकदम बंद करू देत नाही. तसं केलं तर आकडा आधीपेक्षाही खाली घसरतो. फ्लो हळूहळू उतरवतो, तोवर खाटेजवळून हलत नाही.