वेंगुर्ले रॉक्सच्या पाकोळ्या

निवतीहून सुटलेल्या होडीतून वेंगुर्ले रॉक्सचे काळे खडक आणि दीपगृह दिसू लागलं, तेव्हा मार्चचं ऊन पाण्यावर चांगलंच चढलं होतं. इथली पक्ष्यांची यादी लवकर संपते. कातळावर पारवे, उंचावर एक काकण, म्हणजे पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड, लाटांवर तुरेवाले सुरय. आणि ज्यांच्यासाठी मी आलो होतो त्या भारतीय पाकोळ्या. नवीन नाव मिळायची आशा सुटली की डोळा एकाच पक्ष्यावर ठरतो, आणि मला हेच हवं होतं.

आमच्या नारायण पेठेत जुन्या वाड्यांच्या वळचणीला पाकोळ्या लहानपणापासून पाहिलेल्या. त्यांच्या कमरेवर पांढरा पट्टा असतो. इथल्या सगळ्या तपकिरी. पेठेतली पाकोळी पिसं आणि गवत लाळेने चिकटवते. या पाकोळीच्या घरट्यात लाळच जास्त, कपारीला चिकटलेली अर्धी वाटी. ही लाळ सुपासाठी विकली जाते, म्हणून इथली घरटी चोरीला जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने या प्रश्नाचा पाठपुरावा केला. पुढे ही पाकोळी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आली. पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअलींनी तर १९४२ मध्येच इथल्या सुरयांवर आणि पाकोळ्यांवर लिहिलं होतं.

होडी गुहेच्या तोंडाशी थांबवली. आत शिरायचं नाही, फ्लॅश वापरायचा नाही, हे आधीच ठरलेलं. गुहेच्या काळोखात पाकोळी टकटक आवाज करते आणि त्याच्या प्रतिध्वनीवर वाट काढते. वीण सुरू असताना तिथे प्रकाशाचा झोत मारून मिळालेला फोटो मला नकोच.

बाहेर मात्र कसोटी होती. पक्षी जेमतेम बारा सेंटीमीटरचा, होडी डुलणारी. शटर १/२००० सेकंदावर ठेवलं. पाकोळीमागे कॅमेरा फिरवण्यापेक्षा तिच्या परतीच्या वाटेवर नेम धरून बसलो. गुहेत शिरण्याआधी ती क्षणभर पंख आवळते, हे कळल्यावर फोटो मिळू लागले. त्यांतल्या एकात तिचा रुंद जबडाही स्पष्ट आला.

सुरयांच्या अंड्यांचं विचारलं तर होडीवाले काका म्हणाले, "ती पावसात. तेवा हयसर कोण येणा नाय."

समुद्र खवळलेला, होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असतात तेव्हाच सुरय इथे पिल्लं वाढवतात. ते फोटो माझ्याकडे नाहीत, आणि त्यांच्यासाठी त्या दिवसांत कुणी इथे येऊही नये.